जुन्या जिप्सीचं ॲव्हरेज किती धरायचं आणि एका टाकीत कुठवर जाता येतं

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २००४ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन), सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छताची. मागच्या मालकाने २३५/७५ आर १५ चे जाडे टायर टाकलेत, पुढे लोखंडी बंपर, वर कॅरियर. पुण्यात आणि ताम्हिणी-वरंधच्या बाजूला फिरवून ॲव्हरेज निघतंय लिटरला ८ किमीच्या आसपास. सोबत मित्राची महिंद्राची एमएम ५४० डिझेल जीप, ती ११-१२ देते असं तो म्हणतो. जुलैमध्ये दोघांना मनालीहून स्पिती करायचंय आणि जमलं तर लेह. ८ चं ॲव्हरेज बरोबर आहे का, वाढेल का, आणि ४० लिटरच्या टाकीत हे सगळं होईल का की मोठी टाकी बसवून घेऊ, असं तुझं म्हणणं.

तर बघ, ८ हे वाईट नाहीये आणि बहुतेक ते ८ नाहीच आहे. कसं ते सांगतो.

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास काढ, १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, अधिक दोन्ही बाजूच्या साइडवॉल मिळून २८७, झाले ६६८ मिमी. आता तुझा २३५/७५, ३८१ अधिक साधारण ३५२, म्हणजे ७३३. जवळजवळ १० टक्के मोठा. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) येते, तिला चाक केवढं आहे ते कळत नाही, ती फक्त फेऱ्या मोजते. त्यामुळं मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी ६६ ला असते आणि मीटरवर २५५ किमी पडले तर खरे पडलेत २८०. समजा त्यात ३१ लिटर गेलं, तर मीटरच्या हिशोबाने ८.२ आणि खऱ्या हिशोबाने ९. मोठे टायर टाकलेल्या निम्म्या लोकांची ॲव्हरेज पडल्याची तक्रार इथंच मिटते. पुढच्या वेळी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल करताना फोनच्या जीपीएसवर किमी मोज, मीटर विसर.

आणि फुल्ल करतानाही एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, गाडी सपाट जागी लावून, आणि ऑटो कट पडला की थांबायचं. दोन्ही वेळेला सारखंच थांबायचं हे महत्त्वाचं. पंपावरचा पोरगा राउंड फिगरसाठी कट पडल्यावर पण दाबत बसतो, त्याला आधीच सांगून ठेव. जिप्सीच्या नळीत हवा अडकून लवकर कट पडण्याचा प्रकार पण होतो, मग टाकी फुल्ल झाली असं वाटतं आणि दीड-दोन लिटर कमी बसलेलं असतं. एका टाकीवरून ॲव्हरेज ठरवू नको, लागोपाठ तीन टाक्यांची बेरीज करून भाग दे.

दुसरं म्हणजे पेट्रोल. तुझी गाडी निघाली तेव्हाचं पेट्रोल आणि आत्ताचं पेट्रोल ही एक वस्तू नाही. आता सर्रास ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. मिश्रणाचा हिशोब केलास तर एका लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी येते, आणि जुनं इंजिन ती कुठून भरून काढणार, त्याचं कॉम्प्रेशन, त्याचं टायमिंग सगळं साध्या पेट्रोलसाठी ठरवलेलं. म्हणजे तुझं आजचं ९ हे जुन्या पेट्रोलवर साडेनऊच्या पुढे गेलं असतं. 'अरे माझी जिप्सी १२ द्यायची' असं जे जुने लोक सांगतात त्यात थोडं आठवणीचं पाणी असतं, थोडं मूळ टायर, रिकामी गाडी आणि ५०-६० चा स्पीड असतो, पण थोडं हे पण असतं.

गाडीच मुळात किती देणार हे समजून घे, म्हणजे मेकॅनिककडे जाऊन 'ॲव्हरेज वाढवून द्या' म्हणणार नाहीस. जिप्सी १९८५ च्या शेवटी आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि ४ गिअर होते. १९९६ ला किंग आली १३०० चं इंजिन आणि ५ गिअर घेऊन, २००० पासून १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय, ८० हॉर्सपॉवर. वजन हजार किलोच्या जरा आत. इंजिन त्या काळाच्या मानाने वाईट अजिबात नाही, त्याच घराण्यातली इंजिनं कारमध्ये १५-१६ द्यायची. फरक मागच्या सामानात आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी चॅसीवर बसवलेली, मध्ये एक छोटा प्रोपेलर शाफ्ट, आणि टू-व्हील हायमध्ये सुद्धा ताकद सरळ जात नाही, १.४०९ च्या रेशोने गिअरमधूनच जाते. लो मध्ये, म्हणजे चढ-दगडांसाठीच्या हळू गिअरमध्ये, २.२६८. म्हणजे हायवेवर पाचव्यात शांत चाललायस असं तुला वाटतं तेव्हा पण इंजिन ८० ला तीन हजाराच्या आसपास फिरत असतं, एक जादा गिअरची जोडी तेल ढवळत असते, त्यात दोन जॉइंट जास्त. आणि समोरून आकार असा की कपाट उभं करून ढकलल्यासारखं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ८० ला गेलास की पावणेदोन पटीच्या वर जातो, ८० वरून १०० ला अजून दीड पट. म्हणून जिप्सीत ॲव्हरेजचा सगळ्यात स्वस्त उपाय उजव्या पायात आहे. एक्सप्रेसवेवर ९५ ने जाऊन ८ आणि जुन्या हायवेवर ६५ ने जाऊन ११, एकाच गाडीत, एकाच आठवड्यात, हे मी कितीतरी जणांच्या गाडीत पाहिलंय.

कॅरियर काढ. रिकामं कॅरियर घेऊन वर्षभर शहरात फिरणारे लोक मला कळलेले नाहीत. सॉफ्ट टॉपचं कापड सैल असेल तर ते फडफडतं, ताण देऊन बांध.

आता ॲव्हरेज 'वाढवणं' नाही म्हणत मी, जे हरवलंय ते परत आणणं म्हणू. जुन्या गाडीत हरवलेलं सापडतं ते ठरलेल्या जागीच. महागडं काही नाही, पण क्रमाने जा.

पहिलं चाकं मोकळी फिरतात का. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किमी चालव, ब्रेक शक्यतो कमी वापर, आणि गाडी आपोआप हळू होऊन थांबेल अशी थांबव. मग उतरून चारही चाकांच्या मधोमध हात लाव, आधी लांबूनच, कारण एखादं खरंच भाजण्याइतकं तापलेलं असू शकतं. तीन कोमट आणि एक चटका देणारं निघालं की तिथं ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. मागं ड्रम असतात, त्यातला व्हील सिलिंडर गंजून अर्धवट अडकतो, पुढं कॅलिपरची पिन सुकते. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरव, ढकलून सोडल्यावर एक-दोन फेऱ्या तरी सुटं फिरलं पाहिजे. पावसाळ्यात पाण्यातून घातलेल्या गाड्यांत हे हमखास, आणि मालक मात्र प्लग बदलत बसलेला असतो.

दुसरं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. हे आपल्याकडचं खास दुखणं. जुन्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की गल्लीतला मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, 'आपल्या हवेला लागत नाही साहेब' म्हणून. झालं, त्यानंतर इंजिन कधीच नीट गरम होत नाही. एमपीएफआयमध्ये कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटत राहतं की इंजिन अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. एक ते दीड किमीचा फरक ह्या एका गोष्टीने पडलेला पाहिलाय. ओळखायचं कसं, तर सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून बघ. थर्मोस्टॅट असेल तर पाइप काही मिनिटं थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो. आणि तुला तर स्पितीला जायचंय, तिथं पहाटे थर्मोस्टॅट नसलेली गाडी घेऊन उभा राहिलास की हीटर पण नावालाच चालेल.

तिसरं सेन्सर आणि प्लग. प्लग काढून बघ, टोक फिकट तपकिरी असेल तर बरं आहे, काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल चढतंय आणि ते वेगळं प्रकरण. काजळी असेल आणि थर्मोस्टॅट ठीक असेल तर सायलेन्सरवरचा ऑक्सिजन सेन्सर बघायचा, वीस वर्षं जुना सेन्सर सुस्त होतो, दिवा पेटतोच असं नाही. एअर फिल्टर, टॅपेट, क्लच घसरतोय का, हे सगळं नेहमीचं, तुझा मेकॅनिक बघेलच. कार्बोरेटरवाली जिप्सी असेल त्यांनी चोक पूर्ण उघडतोय का ते आधी बघा आणि ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटलाय का ते बघा. आणि रबरी पाइप सगळे बदलून घ्या, जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, पेट्रोल झिरपायला लागतं, तिथं ॲव्हरेजचा नाही तर आगीचा प्रश्न आहे. ह्यात मात्र काटकसर नको.

टायरची हवा. खडकाळ ट्रॅकवर कमी करतात ते बरोबर, पण घरी येताना पंक्चरवाल्याकडे थांबायचा कंटाळा करतात आणि पुढचा आठवडा तशीच चालवतात. छोटा कॉम्प्रेसर घेऊन टाक, लडाखला लागणारच आहे.

हबबद्दल लोक फार वाद घालतात. तुझ्या पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून सोडवता येणारे) असतील तर डांबरी रस्त्यावर ते फ्रीवर ठेव, म्हणजे पुढचा ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरत राहत नाहीत. पण त्याने ॲव्हरेज दोन-तीनने वाढेल ही अपेक्षा ठेवू नको, अर्धा किमी मिळाला तरी खूप. आवाज कमी होतो, शाफ्टचे जॉइंट टिकतात, हा खरा फायदा. डांबरावर फोर-व्हील मात्र चुकूनही नको, ह्या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

एवढं सगळं नीट केलंस तर तुझी गाडी, आहे त्या टायरवर, सामानासकट, हायवेला ६५-७० ने १० ते ११ देईल, घाटात ८-९, आणि शहरात ८. ह्याच्या पुढे कोणी काही विकत असेल, पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायची गोळी, प्लगला जोडायची कसली वायर, तर पैसे वाचव आणि त्याचं पेट्रोल भर.

मित्राच्या एमएम ५४० चं थोडं वेगळं आहे. त्यात २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल, टर्बो नाही, ४ गिअर. डिझेलच्या लिटरमध्येच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन कमी लोडवर पेट्रोलइतकं वाया घालवत नाही, म्हणून घाटात आणि हळू चालीत ती जीप तुझ्यापेक्षा नेहमी पुढेच राहणार. पण ते जुन्या पद्धतीचं इंजिन आहे, डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये उडतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, तिथं उष्णता वाया जाते, म्हणून नंतरच्या डीआय (सरळ सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या) इंजिनाच्या मानाने ते दहा-पंधरा टक्के जास्त पितं. ११-१२ हे तिचं प्रामाणिक ॲव्हरेज आहे, त्यात काही खोटं वाटत नाही. ५५ ते ६० ही तिची चाल. पाचवा गिअर नाही, त्यामुळं ७५ ला ती ओरडते आणि डिझेल ओतते. तिला काळा धूर असेल तर नोझल काढून टेस्ट करून घ्यायला सांग, आणि इंजिनावरच्या डिझेल इंजेक्शन पंपाचा स्क्रू कोणी 'पिकअपसाठी' पिळून ठेवलाय का ते एकदा असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून बघून घे, जुन्या जीपमध्ये ते फार होतं.

म्हणजे दोन गाड्यांचा कॉन्व्हॉय करताना चाल जीपची धरा, तुझंही पेट्रोल आपोआप वाचेल.

आता खरा प्रश्न, पल्ला. इथं ॲव्हरेजचा आकडा काढून त्याला ४० ने गुणायचं आणि ३६० किमी जाते म्हणायचं, असं करू नको. पल्ला हा नेहमी सगळ्यात वाईट टप्प्याच्या आकड्याने काढायचा. आणि टाकी ४० ची असली तरी तळचे दोन-तीन लिटर धरायचे नाहीत, चढावर पेट्रोल मागं सरकतं आणि गाडीतल्या इंधन पंपाला हवा लागते, शिवाय वीस वर्षांचा गाळ तिथंच बसलेला असतो. वापरायला ३७ धर.

मनाली ते काझा, अटल टनेलमधून बाहेर पडून ग्राम्फू, बातल, कुंझुम ला (खिंड), साधारण २०० किमी, आणि मध्ये पंप नाही. किमीच्या मानाने पुणे-कोल्हापूरपेक्षा कमीच. पण ग्राम्फू ते बातल हा जो तुकडा आहे तिथं रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातला दगडगोटा, नाले आडवे येतात, पहिला-दुसरा गिअर सोडून तिसरा क्वचित पडतो, कधी लो टाकावा लागतो. अशा जागी किमीवर हिशोब करण्यात अर्थच नाही, तासावर करायचा. १३०० चं पेट्रोल इंजिन नुसतं चालू उभं असलं तरी तासाला पाऊण ते एक लिटर खातं, आणि पहिल्या-दुसऱ्यात रांगताना तीन-चार लिटर धरायचं. म्हणजे पन्नास किमीला पाच तास लागले तर पंधरा-वीस लिटर तिथंच गेलं, ॲव्हरेज तीनच्या आसपास. बाकीचे दीडशे किमी ८ ने धरले तर १९ लिटर. सरळ निघालास आणि रस्ता बरा मिळाला तर ३४ मध्ये काझा येईल, नाला वाढला म्हणून ट्रॅफिक अडकलं किंवा चंद्रताल तळ्याला आत जाऊन आलास तर ३९, म्हणजे टाकी संपली. जुलैत दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं, त्यामुळं अडकणं हा अपवाद नाही, ते धरूनच चाल. म्हणून मनालीत शेवटची टाकी फुल्ल आणि सोबत एक २० लिटरचा कॅन. काझ्याला पंप आहे, पण तिथं कधी माल संपलेला असतो, कधी वीज नसते, म्हणून पोचल्याबरोबर पहिलं काम पंप, मग हॉटेल. जीपला ह्याच वाटेवर २० लिटरच्या आसपास पुरेल, त्याने पण कॅन घ्यावा, तुला डिझेल चालणार नाही आणि त्याला पेट्रोल, एकमेकांच्या भरवशावर राहता येणार नाही एवढं लक्षात ठेवा.

लेहचा रस्ता त्या मानाने चांगला पण लांब. तांडीच्या पंपावरचा 'पुढचा पंप ३६५ किमी' हा बोर्ड फोटोत पाहिला असशील. लेहच्या अलीकडे साधारण ३५ किमीवर कारूला पंप आहे, तरी सव्वातीनशे किमी झालेच. तू तिकडे ८ ने गेलास तर ४१ लिटर, ७ ने गेलास तर ४७. म्हणजे तुझ्या टाकीत लेह बसत नाही, ॲव्हरेज थोडं सुधारून ९ झालं तरी जेमतेम. ४० अधिक २० चा कॅन म्हणजे वापरायला ५७, ७ ने ३९९ किमी. हे बरोबर बसतं, वर ७० किमीची शिल्लक. वाटेत अजून एखादा पंप सुरू झालाय का ते निघण्याआधी मनालीत विचार, पण असला तरी त्याच्या भरवशावर कॅन रिकामा ठेवू नको.

उंचीने ॲव्हरेज मरतं असं सगळे म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. कुंझुम ४५५१ मीटर, लेहच्या वाटेवरची बारालाचा खिंड ४९०० च्या आसपास. कुंझुमला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५६-५७ टक्केच असतो, म्हणजे तुझी ८० हॉर्सपॉवरची जिप्सी तिथं ४५ ची झाली. पण एमपीएफआयमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, हवा कमी तर पेट्रोल पण कमी, त्यामुळं मिश्रण बिघडत नाही, फक्त दम कमी पडतो आणि खालच्या गिअरला चढावं लागतं. कार्बोरेटरवाल्याचं मात्र मिश्रण घट्ट होत जातं, प्लग काळे पडतात, गाडी बुडबुडते, आणि त्याचं ॲव्हरेज खरंच पडतं. मित्राच्या जीपचं तिसरंच, टर्बो नाही म्हणून हवा कमी, पण पाय दाबला की पंप डिझेल तेवढंच सोडतो, ते जळत नाही आणि मागं काळा ढग. त्याला सांग, पाय अर्ध्यावर ठेव आणि गिअर लवकर उतर, धूर दिसला म्हणजे डिझेल वाया चाललंय. पूर्ण दाबून काही जास्त मिळत नाही तिथं.

उतारावर न्यूट्रल करू नका, दोघंही. एमपीएफआयमध्ये गिअरमध्ये ठेवून पाय काढलास की ईसीयू पेट्रोल बंदच करतो, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, म्हणजे वाचवायला गेलास आणि घालवून बसलास. शिवाय ड्रम ब्रेक तापून पेडल आत गेलं तर ॲव्हरेजचा विषयच राहत नाही.

मोठी टाकी बसवू का, तर नको. चॅसीखाली जागा कमी, दगडावर आपटायची भीती, आणि वीस वर्षांच्या चॅसीवर कोणीतरी वेल्डिंग करणार हेच मला पटत नाही. शिवाय कंपनीने दिलंय त्यात असा बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला बोट दाखवायला मोकळा. वर्षातून एका ट्रिपसाठी एवढं करायची गरज नाही, कॅन पुरतो.

पण कॅन नीट. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत लायसन्सशिवाय बाळगता येतं, आणि भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, घट्ट झाकणाचं. म्हणजे २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन बरोबर बसतो, पाण्याचा प्लास्टिकचा कॅन बसत नाही. काही पंपवाले कॅनमध्ये द्यायला नकार देतात, वाद घालू नको, पुढचा पंप बघ. गळ्यापर्यंत भरू नको, वर जागा सोड, मनालीत भरलेला कॅन वर गेल्यावर फुगतो. उघडताना गाडी बंद, कॅन जमिनीवर, आणि झाकण आधी थोडं सैल करून वाफ जाऊ दे, फस्स आवाज थांबला की मग पूर्ण उघड. भरल्यावर त्याचं वजन वीस किलोच्या आसपास जातं, ते कॅरियरवर चढवू नको, गाडी आधीच उंच आणि अरुंद. मागच्या दाराला मजबूत ब्रॅकेट असेल तर तिथं, नाहीतर आत पाठीमागे पट्ट्याने आवळून, आणि आत असेल तर सॉफ्ट टॉपची मागची खिडकी थोडी उघडी. कॅनमधलं आधी टाकीत ओतायचं, टाकीत पंधरा-वीस लिटरची जागा झाली की लगेच. शेवटपर्यंत 'रिझर्व्ह' म्हणून वागवत बसू नको. पेट्रोल टाकीतच सगळ्यात सुरक्षित. सोबत जाळी असलेलं नरसाळं घे.

जाता जाता दिल्लीचं. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागात, १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे नियम कोर्टात सारखे वर-खाली होतायत. तुमच्या दोन्ही गाड्या त्यात येतात. निघायच्या आठवड्यात ताजी परिस्थिती बघा, आणि शक्यतो दिल्ली शहर टाळून राजस्थानातून हिसार-अंबाला असे चढा. लांब पडलं तरी रस्ता मोकळा आहे, ६५ ने आरामात जाता येतं.

पुण्याहून मनालीपर्यंत जाताना प्रत्येक टाकीला जीपीएसचे किमी आणि लिटर वहीत लिहीत जा, मनालीत पोचेपर्यंत तुझ्या गाडीचा भरलेल्या अवस्थेतला खरा आकडा हातात असेल, आणि वरचे माझे ८ आणि ७ काढून तिथं तो टाक. त्याआधी ह्या रविवारी चाकांना हात लावून बघ आणि रेडिएटरच्या पाइपचं काय होतं ते कळव. आणि पुढच्या हबवर फ्री-लॉक लिहिलेलं आहे का त्याचा फोटो टाक, मागच्या मालकाने नेमकं काय बसवलंय ते बघून सांगतो.